निदान रेषा तरी ओलांडा: कबड्डीवाल्यांना एक खुलं पत्र

सप्रेम नमस्कार मंडळी,

जिल्हा असोसिएशनचे पदाधिकारी, गावोगाव रात्रीच्या स्पर्धा भरवणारी मंडळं, सरपंच (गावचे नव्हेत, मॅचचे मुख्य पंच), पंच, शाळा-क्लबातले कोच, सगळ्यांना एकत्रच लिहितोय, कारण एकेकट्याला गाठून बोललं की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो आणि मी चहा पिऊन घरी येतो. सतरा वर्षं डावा कोपरा खेळलो, मग गुडघा गेला, आणि तेव्हापासून आमच्या संघाची फर्स्ट एडची पेटी माझ्याकडे आहे. पेटीत काय, तर थंड स्प्रे, क्रेप बँडेज, कापूस, आयोडीन, इलेक्ट्रॉल आणि एक कांदा. हो, कांदा. कोणाला भोवळ आली की फोडून नाकाशी धरायचा, आमच्या आधीचे करायचे म्हणून आम्हीपण करतो. मी डॉक्टर नाही, फिजिओपण नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कोणी विचारायला नको की तू कोण लागून गेलास.

विषय आहे डोक्याला लागलेल्या माराचा. रक्त येतं त्या माराचं नाही म्हणत, त्याला आपण धावत जातो, पट्टी बांधतो, फोटोपण काढतो. मी म्हणतोय तो मुका मार, ज्याला डॉक्टर लोक कन्कशन म्हणतात. तो आपल्याला ओळखता येत नाही. मला नव्हता येत, आणि त्याची किंमत माझ्या पुतण्याने मोजली.

झालं असं. आमच्याच तालुक्यातली स्पर्धा, रात्रीचे साडेबारा-एक वाजलेले, सेमीफायनल, भाड्याने आणलेली मॅट, गर्दी तुफान. पुतण्या तेव्हा बारावीला, उजवा कोपरा खेळतो. समोरचा चढाईपटू बोनसला पाय टाकायला आला, याने घोटा धरला, पकड सुटली नाही पण चढाईपटू वळताना त्याचा दुसरा गुडघा थेट याच्या कानाच्या वर बसला. आवाज मला बेंचवर ऐकू आला. पोरगा पडला, दोन-तीन सेकंद तसाच, मग स्वतःच उठला, हात झटकले, टाळी वाजवली आणि जाऊन उभा राहिला डाव्या कोपऱ्यात. उजवा कोपरा खेळणारा पोरगा डाव्या कोपऱ्यात! कॅप्टनने दंड धरून त्याला जागेवर आणला. आणि मी, त्याचा सख्खा काका, बेंचवरून ओरडलो, "काकाची जागा घ्यायला निघाला काय रे?" सगळे हसले. तोपण हसला, जरा उशिराने.

मग पद्धत म्हणून मी आत गेलो, डोक्यावर पाणी मारलं, दोन बोटं दाखवली, किती आहेत? दोन. नाव काय तुझं? सांगितलं. ठीक आहेस ना? हो. झाली तपासणी, वीस सेकंदांत, म्हणजे एका चढाईला मिळतात त्यापेक्षा दहा सेकंद कमीच. पुढच्याच चढाईला त्याने असली पकड केली की माइकवरून "या पकडीला पाचशे रुपये" असं बक्षीस जाहीर झालं. मॅच आम्ही जिंकलो. घरी जाताना तो गाडीवर मागे बसून मला तीनदा विचारत होता, काका, हाफ टाइमला स्कोर काय होता. तीनदा. मला वाटलं झोप आलीय पोराला.

सकाळी उलटी झाली, मग दुपारी परत. तेव्हा कुठे आम्ही धावलो, सीटी स्कॅन काढला, रिपोर्ट आला नॉर्मल, आणि कागद हातात देताना सांगण्यात आलं की काही नाही, डोकं एकदम क्लिअर आहे, खेळू दे. चौथ्या दिवशी तो प्रॅक्टिसला होता. नंतरचा दीड महिना कसा गेला ते त्याच्या आईला विचारा. पुस्तक उघडलं की डोकं ठणकायचं, ट्यूबलाइट सहन व्हायची नाही, कुकरची शिट्टी झाली की चिडायचा, रात्री झोप नाही, क्लासमध्ये सर काय बोलतात ते अर्ध्यावर निसटायचं. बारावीचं वर्ष. आम्ही म्हणायचो अभ्यासाचा कंटाळा. शेवटी मुंबईला एका मेंदूच्या डॉक्टरकडे नेला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला की मार लागल्यावर हा लगेच कसा वागला ते कोणी पाहिलं होतं का? पाहिलं होतं ना. हसलो होतो मी.

ती पाचशे रुपयांची पकड त्याला आजपर्यंत आठवत नाही. युट्यूबवर त्या मॅचचं लाइव्ह अजून आहे, तो ते बघतो, दुसऱ्या कोणाचातरी खेळ बघावा तसा.

तर त्या डॉक्टरांकडून आणि नंतर स्वतः वाचून जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो. आपल्याकडे गोटा नारळ असतो बघा, आतलं खोबरं सुटं झालेलं, हलवला की गुडगुड वाजतो आणि बाहेर करवंटीला साधा चरा नसतो. मेंदू काही असा सुटा वाजत नाही, पण कल्पना यावी म्हणून सांगतो, जोरात दणका बसला किंवा मान झटक्यात फिरली की कवटीच्या आत मेंदू हिसका खातो आणि त्याचं काम काही दिवस बिघडतं. काम बिघडतं, काही फुटतंच असं नाही. सीटी स्कॅन बघतो रक्तस्राव आणि फ्रॅक्चर. म्हणजे नॉर्मल सीटीचा अर्थ एवढाच की आत रक्त साचलेलं नाही, आणि ते कळणं फार गरजेचं आहे हे कबूल, पण कन्कशनमध्ये सीटी बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. "सीटी नॉर्मल आहे, खेळू दे" हे वाक्य आपल्या खेळात किती वेळा बोललं गेलं असेल देव जाणे. आणि दुसरं वाक्य, "बेशुद्ध पडला नव्हता ना, मग काय नाय." कन्कशन झालेल्यांतल्या दहापैकी नऊजण शुद्ध हरपत नाहीत. उभे असतात, बोलतात, खेळतातसुद्धा.

बोटं मोजायला लावणं म्हणजे डोळे तपासणं झालं. नाव-गाव-वार विचारूनही फारसं कळत नाही, कारण मार लागलेल्याला स्वतःचं नाव बहुतेक आठवतंच. ऑस्ट्रेलियात त्यांच्या फुटबॉलच्या खेळाडूंवर हे नीट तपासून बघितलं गेलं आणि असं दिसलं की ताज्या आठवणीचे प्रश्न जास्त पकडतात, त्यांना मॅडॉक्स प्रश्न म्हणतात. आपल्या भाषेत करायचे तर, आपण आत्ता कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचा पॉइंट कोणी घेतला? मागची मॅच कोणाशी झाली? जिंकलो का हरलो? पाच प्रश्न, एक मिनिटसुद्धा लागत नाही. पुतण्याला मी त्या रात्री हाफ टाइमचा स्कोर विचारला असता तर तिथेच कळलं असतं, कारण नंतर तो तेच मला विचारत होता.

यापुढची पायरी म्हणजे स्कॅट नावाची तपासणी. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिच्यातून २०२३ साली स्कॅट ६ आलं, तेरा वर्षांपुढच्यांसाठी एक आणि आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी वेगळं. ते डॉक्टर किंवा फिजिओनेच करायचं, दहा-पंधरा मिनिटं शांत जागी बसून. बावीस लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते सहा गुण, मग दहा शब्द ऐकवून परत म्हणून घ्यायचे, आकडे उलटे म्हणायचे, महिने उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं, रेषेवर टाचेला चवडा लावून चालायचं, आणि शेवटी मघाचे दहा शब्द परत आठवतायत का बघायचं. आणि त्याचवेळी एक साधं कार्ड आलं, सीआरटी ६, ते खास आपल्यासारख्या डॉक्टर नसलेल्यांसाठी, कोच, पंच, पालक, कोणीही. फुकट मिळतं. त्यात निदान करायचं नसतंच, फक्त संशय घ्यायचा असतो आणि संशय आला की पोराला बाहेर काढायचं असतं, त्या दिवसापुरतं पक्कं, परत आत नाही.

आता इथे माझं एक वेगळं दुखणं आहे, भाषेचं. ती बावीस लक्षणं मी आमच्या पोरांना मराठीत विचारून बघितली. "धुक्यात असल्यासारखं वाटतं का?" पोरं माझ्याकडे बघायला लागली, म्हणे काका, धुकं तर जानेवारीत पडतं. त्यांना विचारायला पाहिजे, डोकं बधिर झालंय का, सुन्न वाटतंय का, गरगरतंय का, डोळ्यापुढे अंधारी येते का, काजवे चमकले का, मळमळतंय का, कोणी बोललं की डोक्यात जातंय का. आणि "काय सुचत नाय" हे एक वाक्य आपल्याकडे इतकं नेमकं आहे की इंग्रजी कार्डातल्या तीन ओळी त्यात बसतात. महिन्यांचं बघा, डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगितलं तर आमच्या संघातले धडधाकट तिघंजण ऑगस्टला अडकले, आणि आमच्या एका जुन्या खेळाडूने फाल्गुन, माघ, पौष करत धाडधाड चैत्रापर्यंत आणून सोडले. दहा शब्दांच्या एका यादीत डॉलर आहे, घोड्याचं खोगीर आहे, अँकर आहे. अँकर म्हटल्यावर खाडीवरचा पोरगा नांगर समजतो, शेतकऱ्याच्या पोराला नांगर म्हटलं तर तो तिसरंच समजतो, आणि राहिलेले म्हणतात टीव्हीवरची बाई. हसण्यावारी नेऊ नका, तपासणी अशीच चुकते. आपल्या मुलांसाठी नीट बसवलेली, नीट तपासून घेतलेली मराठी तपासणी मैदानावर पाहिजे, आणि ते काम एकट्यादुकट्या काकाचं नाही, असोसिएशनने मेंदूचे डॉक्टर, फिजिओ आणि दोन चांगले मराठीचे मास्तर एका टेबलाला बसवले तर होईल.

ते तिघं ऑगस्टला अडकले म्हणून दुसरी गोष्ट लक्षात आली, की मार लागायच्या आधी पोरगा कसा होता हे माहीत असलं पाहिजे. याला बेसलाइन म्हणतात. मोसम सुरू व्हायच्या आधी एकदा तपासायचं आणि कागद ठेवून द्यायचा, मग मार लागल्यावर तुलना करायची. गावच्या स्पर्धेत हे जमणार नाही, मला माहितीये, तिथे रात्री दहाला सुरू होणारी मॅच साडेअकराला सुरू होते. पण जिल्हा निवड चाचणीला आणि शिबिराला आपण प्रत्येक पोराचं वजन करतोच ना? काट्यावर चढवतो, सही घेतो. तिथेच शेजारी एक फिजिओ बसवा, दहा-पंधरा मिनिटं एकेका पोरामागे. पोरं तशीपण रांगेत मोबाइल बघत बसलेली असतात.

मंडळी, क्रिकेटवाल्यांचं काय झालं ते बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा बॉल स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला, तो बाहेर गेला, डॉक्टरांनी तपासलं, पास झाला, परत येऊन ९२ वर आऊट झाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर त्याला बरं वाटेना, मग मात्र त्याला काढला आणि लाबुशेन त्याच्या जागी आला, कसोटीतला पहिला कन्कशन सबस्टिट्यूट. म्हणजे जगातले चांगले डॉक्टर, चांगली साधनं, टीव्हीचे कॅमेरे, सगळं असून लक्षणं उशिरा आली. मग आपलं दोन बोटांचं काय घेऊन बसलात? एकदा तपासून पास झाला म्हणजे सुटला असं नसतंच, रात्री, दुसऱ्या दिवशी परत बघायला लागतं.

आणि २०२५ च्या जानेवारीत आपल्या पुण्यात गहुंजेला इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटीत शिवम दुबेच्या हेल्मेटवर बॉल लागला, त्याच्या जागी हर्षित राणा आला, तीन विकेट काढल्या, आणि पुढचे चार दिवस अख्ख्या देशात चर्चा काय, तर ऑलराउंडरच्या बदली बॉलर कसा चालला. बरोबर का चूक ते क्रिकेटवाले बघतील. पण दुबेचं डोकं कसं आहे हे मला आमच्या कट्ट्यावर एकानेही विचारलेलं आठवत नाही. आपली सगळ्यांची सवयच ती, पॉइंट कोणाचा ते बघायचं.

कबड्डीत तर ही भानगडही नाही, आणि हे मला मुद्दाम ठासून सांगायचंय. क्रिकेटला डोक्याला लागलेल्याच्या जागी दुसरा पूर्ण खेळाडू द्यायचा तर नवा नियम करावा लागला, आयसीसीचा तो नियम २०१९ च्या ऑगस्टपासून आला. आपल्याकडे सात आत आणि पाचजण राखीव बाहेर बसलेलेच असतात, आणि दुखापतीला सरपंच अधिकृत टाइमआउट घेऊ शकतो, बदली देऊ शकतो. नियमाची एक ओळ बदलायची गरज नाही. बदलायचं आहे ते इतकंच की निर्णय कोण घेणार. तो कोचने घेऊ नये, कॅप्टनने नाही, पोराने तर नाहीच, आणि काकाने अजिबात नाही, कारण आम्हा सगळ्यांना मॅच जिंकायची असते. तो सरपंचाने घ्यावा. तुम्ही मॅचच्या आधी पोरांची नखं तपासता, अंगाला तेल लावलंय का बघता, अंगठी-कडं काढायला लावता. एवढं बारीक बघणारी माणसं आहात, मग डोकं का नाही बघायचं?

काय बघायचं ते सांगतो, लांबून दिसतं ते. पडल्यावर हलला नाही, उठायला वेळ लावला, उठताना तोल गेला, डोकं धरून बसला, नजर कोरी, विचारलेल्याचं उत्तर उशिरा, चुकीच्या जागी जाऊन उभा राहिला, कोणाची चढाई आहे कळेना. यातलं एक जरी दिसलं तरी बाहेर. आणि मान दुखतेय म्हणाला, हातापायाला मुंग्या आल्या, दोन-दोन दिसायला लागलं, परत परत उलटी, डोकेदुखी वाढत चालली, झटके आले, गुंगी वाढली, तर मग कार्ड-बिर्ड बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल, तेपण मान न हलवता, चार जणांनी उचलून फरफटवत नको. क्रिकेटर रमण लांबा आठवतोय का? १९९८ ला ढाक्यात शॉर्ट लेगला विनाहेल्मेट उभा होता, डोक्याला बॉल लागला, स्वतःच्या पायाने चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला, आणि तीन दिवसांनी गेला. चालत गेला होता हो.

डुबकी मारणाऱ्या पोरांकडे जास्त लक्ष ठेवा, हात धरून उभ्या बचावपटूंच्या साखळीखालून निघताना त्याचं डोकं बरोबर लोकांच्या गुडघ्याच्या उंचीवर असतं. आणि अंगावर चार-पाचजण पडतात तेव्हा सगळ्यात खालचा कोण ते बघा, आपण नेहमी वरच्याकडे बघत टाळ्या वाजवतो.

आता व्हिडिओचं. हल्ली चार गावांची स्पर्धा असली तरी युट्यूबवर लाइव्ह असतं, दोन-दोन कॅमेरे असतात, बोनस झाला का नाही यावरून पब्लिक मोबाइलवर रिप्ले काढून पंचांच्या तोंडासमोर धरतं. प्रो कबड्डीत तर रिव्ह्यू असतोच. रग्बीत डोक्याला लागल्याचा संशय आला की डॉक्टर व्हिडिओ बघतात आणि खेळाडूला तपासायला बारा मिनिटं बाहेर नेतात, तोवर बदली खेळाडू खेळतो. बोटाचा टच बघायला रिप्ले लागतो तर कानशिलावर बसलेला गुडघा बघायला का नको. पैसे लागत नाहीत, कॅमेरावाल्या पोराला खूण करायची, मागे घे रे जरा.

मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. पोरं नाटकं करतील, हरत असले की डोकं धरून बसतील, वेळ काढतील. करतील, एखाददुसरा करेल. पण बाहेर काढलेला त्या दिवशी परत आत येणारच नसेल तर नाटक कोण करेल? आपल्याकडे खरं नाटक उलटं चालतं. पोरं लपवतात. निवड जवळ आलेली असते, दहावी-बारावीचे क्रीडा गुण असतात, पोलिसात, रेल्वेत, बँकेत खेळावर नोकरी लागेल ही आशा असते, आणि गेस्ट म्हणून खेळायला गेलेल्याला रात्रीचे पैसे ठरलेले असतात. मुलींचं तर अजून वेगळं, घरी कळलं तर खेळच बंद होईल म्हणून बोलतच नाहीत, एकीने मला सांगितलं काका, आईला बोलू नका, ती आधीच स्थळं बघतेय. तर अशा पोराला "ठीक आहेस ना?" विचारलं तर तो काय सांगणार? तो प्रश्न विचारणंच बंद करा. मी केला.

गेस्टचा मुद्दा निघाला म्हणून, आज एका गावात बाहेर काढलेला पोरगा उद्या रात्री दुसऱ्या गावात दुसऱ्या टी-शर्टात खेळतो. तिथल्या पंचाला काय कळणार? जिल्ह्याच्या पंचांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर वाढदिवसाचे केक पडतात दिवसभर, त्यातच एक ओळ टाका, अमुक नोंदणी क्रमांक, डोक्याला मार, डॉक्टरची चिठ्ठी येईपर्यंत नाही. नाव नको, क्रमांक पुरे, पोराची बदनामी नको. ओळखपत्राच्या मागे तारीख मारली तरी चालेल.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट नावाचा तेरा वर्षांचा मुलगा होता, २००६ मध्ये शाळेच्या फुटबॉल मॅचमध्ये डोकं जमिनीवर आपटलं, थोडा वेळ बाहेर बसला, परत आत गेला आणि मॅच संपल्यावर कोसळला, मेंदूत रक्तस्राव. वाचला पण आयुष्य पार बदललं. २००९ मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाने कायदा केला, संशय आला की बाहेर, आणि लेखी परवानगीशिवाय आत नाही, आणि पाच-सहा वर्षांत तिथल्या पन्नासही राज्यांनी तसले कायदे केले. आपल्याला कायद्याची वाट बघायची नाहीये. स्पर्धेच्या पत्रकावर आपण "पंचांचा निर्णय अंतिम राहील" छापतोच, त्याच्याखाली अजून एक ओळ छापा.

मध्ये कोणीतरी ग्रुपवर टाकलं होतं की आता रक्ताच्या तपासणीत कन्कशन कळतं. पूर्ण खरं नाही ते. अमेरिकेत २०१८ मध्ये अशा एका रक्ततपासणीला मान्यता मिळाली, पण ती सांगते की सीटी काढायची गरज आहे का नाही. कन्कशन आहे का हे अजूनही माणसालाच बघून, विचारून, चालवून ठरवावं लागतं. मशीन येईल तेव्हा येईल.

परत कधी खेळायचं तेही सांगून ठेवतो, कारण आमचं तिथेच दुसऱ्यांदा चुकलं. पहिले एक-दोन दिवस आराम, म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडून घालायचं नाही, घरातल्या घरात हिंडूफिरू दे, फक्त मोबाइल कमी. त्या रात्री एकटं सोडायचं नाही, दारू नाही, आणि गाडी चालवू द्यायची नाही. हे शेवटचं आपल्याला जास्त लागू, रात्री दोनला ट्रिपल सीट घाटातून घरी जाणारी पोरं आपली. मग चालणं, मग हलकं धावणं, मग एकट्याने चढाईचं फूटवर्क, मग अंगाला हात न लावता प्रॅक्टिस, त्यानंतर डॉक्टरने लेखी दिलं की पकडीसकट प्रॅक्टिस, आणि शेवटी मॅच. एकेका पायरीला निदान चोवीस तास, त्रास वाढला की एक पायरी मागे. आणि वर्गात बसून अभ्यास जमायला लागल्याशिवाय मॅटवर नाही. लहान मुलांना जास्त दिवस लागतात, चार आठवडेही लागू शकतात. पुतण्याला आम्ही चौथ्या दिवशी थेट पकडीला उतरवला होता.

वर "निदान चोवीस तास" लिहिलं आणि थांबलो. आपल्या मैदानावर निदान रेषा असते, मध्यरेषेपासून ३.७५ मीटर, चढाईला गेलेल्याने कोणाला शिवलं नाही आणि ती ओलांडली नाही तर तो बाद. निदान एवढं तरी आत जा, असा तिचा अर्थ. लहानपणी मला वाटायचं डॉक्टरच्या निदानाशी तिचा काहीतरी संबंध आहे, आणि कोचने त्यावरून अख्ख्या संघासमोर माझी टर उडवली होती. आता मला तीच रेषा तुमच्यासाठी आखायचीय. बेसलाइन, फिजिओ, मराठी स्कॅट, हे बोनस रेषेच्या पलीकडचं झालं, सावकाश करू. पण संशय आला की सरपंचाने पोराला बाहेर काढायचं आणि त्या रात्री परत घ्यायचं नाही, एवढी रेषा येत्या मोसमापासून ओलांडायला काय हरकत आहे?

मी सुरुवात केलीय. दोन महिन्यांपूर्वी आमच्याच कॅप्टनला काढला, साखळीत पडताना डोकं आपटलं होतं, "शेवटचा पॉइंट कोणी घेतला" विचारलं तर म्हणाला "घेतला की कोणीतरी." चार पॉइंटांनी मॅच गेली. मंडळाच्या अध्यक्षांनी चारचौघांत मला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि कॅप्टन आठ दिवस बोलत नव्हता. कांदा मात्र पेटीतून काढून टाकलाय, घरी भाजीत गेला.

त्या सीआरटी कार्डावरून मी एक पान मराठीत करून ठेवलंय, एका ओळखीच्या डॉक्टरांनी तपासलंय, गुणपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला बरोबर बसतं, म्हणजे गुणलेखकाच्या टेबलावर ते कायम असणार. ज्या मंडळाला हवं त्यांनी मागा, छपाईचा खर्च झेरॉक्सइतकाच. फक्त एक मदत हवीय. "गरगरतंय" आणि "सुन्न झालंय" हे आमच्याकडचे शब्द झाले, तुमच्या बाजूला, कोल्हापूर-सांगलीला, खानदेशात, विदर्भात, तळकोकणात, पोरं मार लागल्यावर नेमकं काय म्हणतात ते खाली लिहा, म्हणजे पुढच्या छपाईत घालतो.

आपला,
एक जुना डावा कोपरा